वॅगन-आर (२०११, के१० बी, कंपनी सीएनजी): चार सेन्सर बदलले, तरी पिकअपला झटके. आता काय तपासू?

नाशिक_एमएच१५:
गाडी मारुती वॅगन-आर, २०११ची, के१० बी इंजिन (तीन सिलिंडरचं), कंपनी फिटेड सीएनजी. सव्वा लाखाच्या पुढे चाललेली आहे. नव्वद टक्के सीएनजीवरच चालते.

सुरुवातीचा त्रास: फक्त सीएनजीवर, चढाला किंवा ओव्हरटेक करताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की बारीक झटके. पेट्रोलवर अजिबात नाही. मग चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०१३१ कोड आला, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज कमी. सेन्सर बदलला. दिवा थोडे दिवस बंद राहून पुन्हा लागला. त्यानंतर एकेक करत मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि कॅम सेन्सर बदलले. ऑक्सिजन सेन्सर सोडला तर बाकी सगळे बाहेरच्या कंपनीचे.

आत्ताची स्थिती: झटके पेट्रोलवरही येतात. साधारण १८०० ते २८०० आरपीएममध्ये, अर्धा पाय दाबल्यावर. आयडलला गाडी ठीक, न्यूट्रलला रेस दिली तर साफ. एकसारख्या वेगात चालताना काही जाणवत नाही. मायलेज दोन्ही इंधनांवर घटलं आहे.

गॅरेजवाले आता क्रँक सेन्सर आणि ईसीएमकडे (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) बोट दाखवतायत. त्याआधी घरी काय तपासता येईल? माझ्याकडे मल्टिमीटर आणि ब्लूटूथचं ईएलएम-३२७ (फोनवर रीडिंग दाखवणारा छोटा स्कॅनर) आहे. जुने सेन्सर जपून ठेवलेत.

प्लग_गॅप:
जुने सेन्सर ठेवलेत हे फार चांगलं केलंत. ते लागणार आहेत. ईसीएमचा विचार सध्या पूर्ण बाजूला ठेवा.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे "सुरुवातीला फक्त सीएनजीवर". एकाच इंजिनात दोन इंधनं असतील तर निदानाचं निम्मं काम तिथेच होतं. प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी), कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, क्रँक आणि कॅम सेन्सर हे दोन्ही इंधनांना सामाईक. पेट्रोल पंप, पेट्रोलचे इंजेक्टर फक्त पेट्रोलचे. रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा), गॅस फिल्टर, गॅस इंजेक्टर फक्त सीएनजीचे. सामाईक गोष्टींपैकी इग्निशन कमजोर असेल तर ते आधी सीएनजीवरच उघडं पडतं, कारण सीएनजी-हवेच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. तेही लोड असताना, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब वाढलेला असताना, सर्वात जास्त. आयडलला आणि न्यूट्रलच्या रेसला दाब कमी असतो, म्हणून तिथे तीच कॉइल साफ चालते. तुमची लक्षणं याला तंतोतंत जुळतात.

आता पी०१३१ कुठून आला? ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरने मिसिंग मारली (त्यातलं इंधन पेटलंच नाही) की त्याची न जळलेली हवा जशीच्या तशी एक्झॉस्टमध्ये येते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो व्होल्टेज खाली आणतो, ०.१ ते ०.२ च्या आसपास. ईसीएम समजतं की मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) आहे आणि इंधन वाढवतं. मिसिंग चालूच, सेन्सर खालीच, शेवटी कोड. म्हणजे सेन्सर खरं तेच सांगत होता. मायलेज घटण्याचं कारणही यातच आहे: एका सिलिंडरच्या मिसिंगपायी तिघांनाही जास्त इंधन मिळतंय.

तुम्ही विचाराल की मिसिंग होती तर पी०३०१ सारखा, मिसिंगचा सिलिंडर दाखवणारा कोड का आला नाही. आपल्याकडे ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याची पद्धत) ची सक्ती एप्रिल २०१३ पासून झाली. त्याआधीच्या गाडीत ईसीएम सिलिंडरनिहाय मिसिंग मोजेलच असं नाही. २०११च्या गाडीत मिसिंगचा कोड नाही म्हणजे मिसिंग नाही, असं धरून चालू नका.

पहिलं काम: तीनही कॉइल काढून बघा. इंजिन थंड असताना, १० मिमीचा बोल्ट काढा, कॉइल सरळ वर ओढा. रबर बूट उलटून आत उजेड टाका. पांढरट किंवा राखाडी केसासारखी रेघ दिसली तर ठिणगी तिथून बाजूला हेडकडे पळते आहे. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही वरून खाली काळी पेन्सिलसारखी रेघ शोधा. दोन्हीपैकी एकावर रेघ असेल तर बूट आणि प्लग दोन्ही बदलावे लागतात. एकच बदलला तर उरलेली रेघ नव्यालाही खराब करते. प्लगच्या विहिरीत तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरच्या सील गेल्यात, ते आधी.

या कॉइलना तीन तारा आहेत, आत इग्नायटर आहे. मल्टिमीटरने ओहम मोजून त्या चांगल्या की वाईट ते कळत नाही. तो वेळ वाचवा.

प्लगचा गॅप फीलर गेजने मोजा. पेट्रोलसाठी साधारण १ मिमी असतो, सीएनजीवर जास्त चालणाऱ्या गाडीत बरेच मेकॅनिक ०.७ ते ०.८ ठेवतात. झिजून १.२-१.३ झाला असेल तर कॉइलवर ताण येतोच.

घाटवळण:
इग्निशनबद्दल वर लिहिलंय ते पटतं. पण त्याने अर्धंच कोडं सुटतं. पेट्रोलवरचे झटके सेन्सर बदलल्यानंतर सुरू झाले, म्हणजे बदललेल्या चारांपैकी एखादा नवा सेन्सर चुकीचं रीडिंग देतोय का, हे स्वतंत्रपणे तपासायला हवं. माझा संशय मॅप सेन्सरवर.

या इंजिनात हवा मोजणारा एमएएफ नाही. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, आरपीएम आणि हवेचं तापमान यांवरून ईसीएम हवेचं प्रमाण ठरवतं आणि त्यावरून इंधन. मॅप सेन्सर चार किलोपास्कल कमी दाखवू लागला तर इंधनही त्या हिशेबात कमी पडतं. आणि सर्किट तुटलेलं नाही, व्होल्टेज मर्यादेत आहे, त्यामुळे कोड येत नाही.

तपासणी अगदी सोपी आहे. इंजिन बंद, चावी ऑन, ईएलएमवर मॅपचं रीडिंग बघा. इंजिन फिरत नाही म्हणजे मॅनिफोल्डमध्ये बाहेरचाच दाब. समुद्रसपाटीला, मुंबई-पणजीला, ते १०० ते १०१ किलोपास्कल यायला हवं. पुणे-नाशिकला ९४ ते ९५. महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पावसाळ्यात एखादा किलोपास्कल कमी.

हवामानाच्या ॲपमधला आकडा इथे वापरू नका. तो समुद्रसपाटीला जुळवून दिलेला असतो, नाशिकलाही १००८ हेक्टोपास्कल वगैरे दाखवेल. बऱ्याच फोनमध्ये बॅरोमीटर असतो, त्याचं कच्चं रीडिंग देणारं ॲप घ्या. ९४५ आलं तर ते ९४.५ किलोपास्कल. मॅप त्याच्या एक-दीड किलोपास्कलच्या आत हवा. मग जुना मॅप सेन्सर त्याच कनेक्टरला जोडा, मॅनिफोल्डला बसवायचीही गरज नाही, हवेत धरून रीडिंग घ्या. दोन्हीची तुलना पाच मिनिटांत होते. सेन्सर बदलताना चावी बंद ठेवा.

तरीही नव्या सेन्सरला दोष देण्याआधी कनेक्टरवर तीन तारांचं मोजमाप घ्या. पुरवठा ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. सेन्सरची अर्थ तार ते बॅटरीचा निगेटिव्ह, इंजिन चालू असताना, ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त नको. कनेक्टरची पिन सैल झालीय का तेही बघा. सेन्सर वारंवार काढ-घाल केलेल्या गाडीत पिना फाकलेल्या बऱ्याचदा सापडतात.

दुसरा मुद्दा व्हॅक्यूम लीकचा, कारण कोणीतरी तो सुचवेलच. एमएएफवाल्या गाडीत लीक असली की आयडलला फ्युएल ट्रिम (ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीएम किती टक्के इंधन वाढवतं-घटवतं तो आकडा) खूप वर जातं, कारण ती हवा मोजलीच जात नाही. इथे तसं नाही. लीकमधून आलेली हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, मॅप ते बघतो आणि इंधनही देतो. मॅपवाल्या गाडीत लीकचं लक्षण म्हणजे चढलेला आयडल. ट्रिम फारसं हलत नाही. एखाद्या सिलिंडरच्या इनटेक पोर्टलाच गॅस्केट गळत असेल तर तेवढा एक सिलिंडर लीन होतो, तो अपवाद. इंटरनेटवरचे परदेशी व्हिडिओ बहुतेक एमएएफ गाड्यांचे असतात, त्यातलं ट्रिमचं गणित इथे लागू करू नका.

तर मला हे आकडे द्या, इंजिन पूर्ण तापल्यावर, पेट्रोलवर: चावी ऑनचा मॅप, आयडलचा मॅप, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिम आयडलला, आणि तेच तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा पाय दाबून. गाडी चालवताना फोन बघू नका, ॲपमध्ये लॉग रेकॉर्ड करा किंवा शेजारी कोणाला बसवा.

मिस्त्री_सातारा:
पेट्रोल कमी चालवता ना भाऊ, मग पंप बघा आधी. सीएनजीवाल्या गाडीत पेट्रोल महिनोन् महिने टाकीत पडून राहतं. तळाला गाळ, पाणी. पंपाची जाळी चोक होते. आयडलला पेट्रोल पुरतं, पाय दाबला की प्रेशर पडतं. रेलला (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीला) प्रेशर गेज लावा, ३ बारच्या आसपास हवं आणि मुख्य म्हणजे लोडवर पडायला नको. गेजची नळी वायपरजवळून बाहेर काढून काचेला चिकटवायची आणि गाडी चढाला न्यायची. उभ्या गाडीत प्रेशर बरोबर आलं म्हणून पंप पास करू नका.

पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज पण बघा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त कमी नको. गाडी जुनी आहे, रिले आणि अर्थ गंजतात.

आणि एक, झटके खरंच इंजिनचेच आहेत ना? गाडी जागेवरून उचलताना पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला थरथर असेल आणि गाडी धावायला लागली की जात असेल तर ते क्लच नाहीतर माउंटिंग. तीन सिलिंडरला माउंटिंग बसलं की सगळी बॉडी हलते. यांच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण बघून घ्या.

प्लग_गॅप:
पंपाची शंका रास्त आहे, पण पंप कमी पडत असेल तर ट्रिम कसं वागतं ते लक्षात ठेवा: आयडलला शून्याजवळ, लोड वाढेल तसं प्लसमध्ये वर. मॅप सेन्सर ठरावीक आकड्याने कमी दाखवत असेल तर नेमकं उलटं, आयडलला ट्रिम जास्त आणि लोडवर कमी. कारण ३५ मधले ४ हे ११ टक्के होतात, आणि ७५ मधले ४ हे ५ टक्के. आकडे आले की बहुतेक गेज न लावताच उत्तर मिळेल.

नाशिक_एमएच१५:
सगळ्यांचे आभार. आकडे घेतले. इंजिन गरम, पेट्रोल, एसी बंद.

फोनचा बॅरोमीटर: ९४२ हेक्टोपास्कल
चावी ऑन, नवा मॅप: ९०
चावी ऑन, जुना मॅप हवेत धरून: ९४
आयडल, नवा मॅप: ३२, दोन्ही ट्रिम मिळून +१९
तिसरा गिअर, अर्धा पाय, नवा मॅप: ७२, ट्रिम +१२
ऑक्सिजन सेन्सर आयडलला ०.१ ते ०.८ असा वर-खाली होतो, झटका बसतो त्या क्षणी ०.१ वर पडतो.
थ्रॉटल पोझिशन हळूहळू दाबताना सरळ चढते, मध्ये कुठे उडी नाही.

मॅपच्या कनेक्टरवर ५.०१ व्होल्ट, अर्थवर ०.०२.

कॉइल काढल्या. दोन नंबरच्या बुटात आतून राखाडी रेघ आहे, प्लगवरही बारीक काळी रेघ दिसते. एक आणि तीन साफ. तिन्ही प्लगचा गॅप १.२च्या वर.

ऑक्सिजन सेन्सर बदलताना जुना कनेक्टर कापून तारा सोल्डर केल्या होत्या, हे आता लक्षात आलं. चालेल का?

घाटवळण:
मॅपचा निकाल लागला. पुरवठा आणि अर्थ ठीक, जुना सेन्सर बॅरोमीटरशी जुळतो, नवा ४ ने कमी. नवा काढा, जुना बसवा. ओ-रिंग तडकली असेल तर नवी घ्या. ओ-रिंगला फक्त पातळ इंजिन ऑइल, सिलिकॉन सीलंट अजिबात लावू नका. त्याची वाफ इनटेकमधून जळून ऑक्सिजन सेन्सरवर पांढरा थर बसवते आणि तो सेन्सर कायमचा मंद होतो.

तुमचे आकडे एकमेकांशी कसे जुळतात ते बघा, म्हणजे पुढच्या वेळी स्वतः वाचता येतील. आयडलला खरा दाब ३६, सेन्सर सांगतो ३२. कमतरता भरायला इंधन साडेबारा टक्के वाढवावं लागतं. लोडवर खरा ७६, सेन्सर सांगतो ७२, म्हणजे साडेपाच टक्के वाढवावं लागतं. ट्रिम मात्र अनुक्रमे १९ आणि १२ आहे. दोन्हीकडे साधारण सहा टक्के वरचे उरतात. ते पेट्रोलमधल्या इथेनॉलचे. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला (वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) साधारण १३.५. तुमच्या गाडीचं ईसीएम ई-२० धरून बनलेलं नाही, ते ऑक्सिजन सेन्सरकडे बघून तेवढं इंधन वाढवून घेतं. त्या सहा टक्क्यांमागे लागू नका.

आता पेट्रोलवर झटके का सुरू झाले? स्थिर वेगात ईसीएमला ट्रिम लावून कमतरता भरून काढायला वेळ मिळतो. पाय अचानक दाबला की त्या क्षणाचं इंधन मॅपच्या आकड्यावरून ठरतं, सेन्सरच्या दुरुस्तीची वाट न बघता. मिश्रण क्षणभर लीन होतं. लीन मिश्रणाला पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि दोन नंबरची ठिणगी आधीच बुटातून पळत होती. नुसती कॉइल होती तोवर पेट्रोल निभावून गेलं, मॅप चुकल्यावर तेही थांबलं.

सोल्डरबद्दल: या प्रकारच्या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि बऱ्याच सेन्सरमध्ये ती तारांच्या आतल्या फटीतून जाते. सोल्डर आणि फ्लक्स ती वाट बंद करतात, सेन्सरची वरची टोकं हळूहळू खाली येतात. तुमचा ०.८ पर्यंत जातोय म्हणजे आज ठीक आहे. सावकाश क्रिम्प कनेक्टर लावून घ्या, वर हवा खेळेल असं आवरण. सीलंटने भरू नका.

प्लग_गॅप:
दोन नंबरची कॉइल. रेघ बुटापुरतीच आहे की कॉइलही आतून कमजोर झालीय, हे समायोज्य गॅपच्या स्पार्क टेस्टरने कळतं. आधी सीएनजी सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, गाडी पेट्रोलवर चालवून लाइनमधला गॅस संपू द्या, बोनेट उघडून थोडा वेळ थांबा, गॅसचा वास नाही याची खात्री करा. मगच ठिणगी. तिन्ही पेट्रोल इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, म्हणजे स्टार्टर मारताना न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (एक्झॉस्टमधला धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाणार नाही. टेस्टरची क्लिप इंजिनच्या स्वच्छ धातूला. गॅप हळूहळू वाढवत तिन्ही कॉइलची तुलना करा. दोन चांगल्या जिथवर उडी मारतात तिथवर तिसरी पोचत नसेल तर ती गेली. कॉइल टेस्टर किंवा प्लगशिवाय मोकळी ठेवून स्टार्टर कधीही मारू नका, ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडते.

टेस्टर नसेल तर सरळ दोन नंबरची कॉइल नवी घ्या, मूळ कंपनीची. इथे बाहेरचा माल नको. तिन्ही प्लग नवे, सीएनजी व्हेरियंटसाठी मॅन्युअलमध्ये दिलेलेच. बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात. प्लगच्या चुड्यांना (आट्यांना) काही लावू नका. प्लग विहिरीत टाकू नका, रबरी नळीच्या तुकड्याला अडकवून हाताने चुड्या धरेपर्यंत फिरवा, शेवट टॉर्क रेंचने. इंजिन थंड हवं, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे.

थ्रॉटल सेन्सर आणि कॅम सेन्सर नवे असले तरी रीडिंग नीट आहे, तसेच राहू द्या. जुने डिकीत ठेवा.

गॅसवाला_पिंपरी:
एक गोष्ट राहिली. सीएनजीवर सव्वा लाख म्हणजे व्हॉल्व्ह क्लिअरन्स (कॅम आणि टॅपेटमधली फट) तपासायची वेळ होऊन गेली आहे. सीएनजी कोरडं जळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, क्लिअरन्स कमी होत जातो. या झिजेत टॅपेटचा आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत वाटतं, म्हणून कोणी बघत नाही. क्लिअरन्स संपला की गरम असताना व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो.

प्लग बाहेर आहेतच तर कॉम्प्रेशन घेऊनच टाका. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सुटे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर सारखाच वेळ मारा. आकड्यापेक्षा तिघांतला फरक बघा, साधारण १ बारच्या आत हवा. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. या इंजिनात क्लिअरन्स स्क्रूने जुळत नाही, वेगळ्या जाडीचे टॅपेट घालावे लागतात आणि त्यासाठी कॅमशाफ्ट काढावे लागतात. म्हणून आधी फक्त फीलर गेजने मोजून घ्या, आकडे लिहून ठेवा, मर्यादेबाहेर असतील तरच काम काढा.

सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी असते, ती तारीखही बघून ठेवा.

नाशिक_एमएच१५:
जुना मॅप, दोन नंबरची नवी कॉइल, तिन्ही नवे प्लग. कॉम्प्रेशन घेतलं, तिघांत अर्ध्या बारपेक्षा कमी फरक. कोड पुसला. चावी ऑनला ९४, आयडलला ३६, ट्रिम +६, लोडवर +६ ते ७. पेट्रोलवर झटके पूर्ण गेले. सीएनजीवरही कसारा चढताना तिसऱ्यात साफ ओढते. फक्त चौथ्यात ३५०० च्या पुढे पूर्ण पाय दाबला तर आधीसारखा दम वाटत नाही, दोन्ही इंधनांवर. झटका नाही, नुसती अडल्यासारखी.

घाटवळण:
ट्रिम जागेवर आलं, हे काम झालं. वरचा दम कमी आहे आणि दोन्ही इंधनांवर आहे, तर कॅट तपासा. मिसिंग घेऊन गाडी बरीच चालली. न जळलेलं इंधन कॅटमध्ये जळतं, आतली जाळी तापून वितळते आणि वाट अरुंद करते.

घरी करता येईल अशी पहिली चाचणी: न्यूट्रलला २५०० आरपीएम धरा आणि मॅप बघत राहा. निरोगी गाडीत तो आयडलच्या आसपास किंवा त्याखाली स्थिर राहतो. कॅट चोक असेल तर मिनिटभरात हळूहळू वर चढत जातो, कारण आधीचा धूर बाहेर पडत नाही म्हणून नवी हवा आत ओढली जात नाही. चढला तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात बॅक प्रेशर गेज लावून घ्या. आयडलला दीड पीएसआयच्या आत, २५०० ला ३च्या आत. त्यापेक्षा जास्त आलं तर कॅटच्या पुढचा जोड तात्पुरता सैल करून छोटी चक्कर मारा. आवाज होईल, पण दम परत आला तर कॅटच. कॅट काढून रिकामा पाइप मात्र लावू नका, पीयूसीला अडकाल आणि मागचा सेन्सर असेल तर दिवाही लागेल.

मिस्त्री_सातारा:
कॅट आधी ठोकून बघा, थंड असताना, रबरी हातोडीने. आत खडखडलं तर जाळी फुटलीय, गेजची गरजच नाही. न खडखडता चोक असू शकतो, मग वरची मॅपची चाचणी. आणि एअर फिल्टर बघितला का? त्याने आयडलला काही कळत नाही, वरच्या रेसलाच मारतो. फिल्टर काढून तेवढीच छोटी चक्कर मारून बघा, धुळीच्या रस्त्यावर नको.